रेड्याची उलटी पाचर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलींना नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो तेव्हा देवालाही नाही — तिथे मी प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी मागून बाहेर पडलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर बहुतेक याही वेळी मी हवापाण्याच्या गप्पा मारून उठलो असतो.

सुरुवात कुठून करू? लाटंबार्श्याच्या पुंडलिकापासून करतो. तो साठी ओलांडलेला माणूस आहे. काजूची थोडी झाडं, थोडं भातशेत. कुठे लग्नाला, बारशाला चार माणसं जमली आणि कुणी पोरगा नवी मोटरसायकल घेऊन आला, की पुंडलिक त्याला जवळ बोलावतो आणि सांगतो, की बाबा रे, स्वतःच्या हातावर फार विश्वास ठेवू नकोस. मी ठेवला आणि एका भल्या माणसाचा पाय कायमचा मोडला. तो हे सगळ्यांसमोर सांगतो, लाजत नाही, कुणाला दोष देत नाही. आणि मी तिथे असलो तर — आणि मी बहुतेक वेळा असतो — पानाचा विडा नीट गुंडाळत बसतो.

कारण तो पाय त्याने मोडलेला नाही. मी मोडला.

थांबा, हे असं एकदम सांगून चालणार नाही. तुम्हाला वाटेल, म्हातारपणी मन हळवं झालंय, उगाच अंगावर ओढून घेतोय. तसं नाही. नीट सांगतो.

मी दोडामार्गाकडचा. विशीच्या आत डिचोलीला आलो आणि एका गॅरेजात चिकटलो. गोवा अजून राज्य झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. पाळी, उसगाव, साखळी — सगळीकडे खनिजाचे ट्रक, आणि खाणींवर चढायला जीपगाड्या. त्या गाड्यांचा पुढचा भाग हे माझं काम. पाटे, शॅकल, किंगपिन, टायरॉड, स्टिअरिंग. इंजिनला मी हात लावत नसे. पण गाडी एका बाजूला ओढते आहे, चाक थरथरतंय, असं काही असलं की लोक म्हणत, शिव्या मेस्तकडे, म्हणजे मिस्त्रीकडे, माझ्याकडे न्या. फोंड्याहूनसुद्धा गाड्या यायच्या. मला त्याचा माज होता. साधा नाही, चांगला तूप लावलेला माज.

हे काम मला शिकवलं ते गॅरेजातल्या बेळगावच्या आप्पांनी. आप्पांची शिकवण्याची पद्धत एकच — करून दाखवायचं आणि का ते विचारलं तर पाना फेकून मारायचा. जीपचे पाटे — चाकांवर गाडी तोलणाऱ्या पोलादी पट्ट्या — दबले की आम्ही त्यात एखाददोन पाटे वाढवायचो. गाडी पुढून उचलली जायची, खड्ड्यात आपटायची थांबायची. पण पुढचा एक्सल त्यामुळे थोडा कलायचा आणि स्टिअरिंग हलकं, सैरभैर व्हायचं. मग पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये एक लोखंडी पाचर घालायची, एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळती. कल जागेवर यायचा. आप्पांचं वाक्य होतं, "जाड अंग पुढं धर, आणि डोकं घरात ठेवून ये." शेकडो जीपगाड्यांना मी जाड अंग पुढे धरून पाचर घातली. एकही परत आली नाही.

हा कल म्हणजे काय, हे समजायला सायकल बघा. पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, वरून मागे झुकलेला असतो. म्हणून तर पोरं दोन्ही हात सोडून उतारावरून जातात आणि सायकल आपली सरळ धावते. हँडल वळवलं तरी ते आपणहून परत येतं. तो चिमटा पुढे झुकला तर? मग हँडल परत येत नाही. जिकडे गेलं तिकडेच पळतं, आणि तुम्ही सारखे त्याला ओढून आणत बसता.

एवढंच शास्त्र आहे. पण हे मला समजलं ते नंतर.

पाळीच्या एका खाणवाल्याने लष्कराच्या लिलावातून एक गाडी आणली. चारही चाकं ओढणारी, जीपपेक्षा रुंद, जड, नाकाड मोठं. खाणीवरचे लोक तिला रेडो म्हणत. पुंडलिक तिचा ड्रायव्हर. रेडा पुढून बसला होता, म्हणून आमच्याकडे पाठवला. मी पाटे उतरवले, दोन जादा घातले, पाचरी घातल्या, जाड अंग पुढे. पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट आवळले, रंगाचा हात मारला आणि दिली गाडी.

आता नीट ऐका. जीपमध्ये पाटे एक्सलच्या खालून जातात. एक्सल वर बसलेला असतो. रेड्यात उलटं होतं. पाटे वर, एक्सल खाली टांगलेला. आणि पाटे वर असले की पाचरही उलटी घालावी लागते, जाड अंग मागे. तसं केलं नाही तर कल सुधारण्याऐवजी दुप्पट बिघडतो. शिकाऊ पोराने क्षणभर मान तिरकी करून पाहिलं असतं तरी त्याच्या लक्षात आलं असतं. मी पाहिलं नाही. आप्पा वारले होते, पाना फेकून मारणारं कुणी नव्हतं, आणि मी तरीही डोकं घरात ठेवून आलो होतो.

चुकलं. माणसाच्या हातून चुकतं. हे इथेच थांबलं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

आठवड्याने पुंडलिक आला. गाडी उभी करून म्हणाला, "शिवा, स्टेरिंग परत येना मरे. घुंवडायलें की थंयच रावता." वळवलं की चाक तिथेच राहतं, परत येत नाही, म्हणे. मी हसलो. म्हटलं, नवे पाटे आहेत, बसायला वेळ लागतो. तो गेला. चार दिवसांनी परत आला. "गाडी हातांत रावना. कशी उपेता जाणा?" पाण्यावर तरंगल्यासारखी वाटते, असं त्याचं म्हणणं. गॅरेजात चार जण होते. मी मोठ्याने म्हणालो, जीप चालवायची सवय लागलीय हाताला. रेड्याला मनगट लागतं, पुंडलिका. सगळे हसले. तोही हसला, आपल्या मनगटाकडे बघून.

त्याला हसण्यात आणखी एक गंमत होती ती सांगायला हवी. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, या वादाचे ते दिवस होते. आमचं गॅरेज मराठीवाल्यांचं, पुंडलिक कट्टर कोंकणीवाला. चहाच्या वेळी आम्ही हमरीतुमरीवर यायचो. खरं तर तो आणि मी घरी जवळजवळ एकच बोली बोलायचो, पण ते कुणाला दिसत होतं? तेव्हा त्याला चार लोकांत खाली बघायला लावलं की आमच्या बाजूला बरं वाटायचं. मी ते त्यासाठी केलं नाही. माझं कारण त्याहून लहान होतं. मला माझं नाव जपायचं होतं. पण ते हसणं मला उपयोगी पडलं, हे खरं.

मग त्याच वादातल्या बंदचा दिवस आला. रस्त्यावर कुठे झाडं आडवी टाकलेली, कुठे टायर जळत होते. खाणी बंद, ट्रक बंद. खाणीवरचे सर्व्हेअर दामोदरबाब पाळीला अडकले होते आणि त्यांची बायको डिचोलीत एकटी. मॅनेजर पुंडलिकाला म्हणाला, आतल्या रस्त्याने सोडून ये. एरवी त्या रस्त्यावर ट्रकांच्या मागे गाडी मुंगीच्या पावलाने चालायची. त्या वेगात रेड्याचं स्टिअरिंग त्रास द्यायचं, पण घात करायचं नाही. त्या दिवशी रस्ता रिकामा होता. पुंडलिकाने पहिल्यांदाच गाडी जरा पळवली. जरा म्हणजे तुम्हीआम्ही पळवू तेवढीच. उतारावर पुढचं चाक खड्ड्यात गेलं, स्टिअरिंग एका बाजूला पळालं, त्याने ओढून आणलं तर दुसऱ्या बाजूला पळालं, आणि गाडी मोरीचा कठडा तोडून खाली काजूंच्या झाडांत गेली.

पुंडलिकाच्या कपाळाला खोक पडली. दामोदरबाबांचा डावा पाय दोन जागी मोडला. जीव वाचला, पण गुडघा पुन्हा वाकला नाही. चाळिशीही न गाठलेला माणूस. खाणीच्या टेकड्या पालथ्या घालणं हेच त्यांचं काम होतं.

लोकांनी लगेच ठरवून टाकलं. कुणी म्हणालं, प्यायला होता. कुणी म्हणालं, घोषणा देत चालवत होता. पुंडलिक दारूला शिवत नसे. पण त्या दिवसांत कोण कुणाचं ऐकून घेत होतं?

गाडी ओढून आमच्याकडे आणली. मॅनेजरने निरोप पाठवला — दोष गाडीचा की ड्रायव्हरचा, मेस्तने सांगावं. म्हणजे न्यायाधीश मीच. पान्यात बोल्ट बसत नव्हता. कुणी मागून हाक मारली तरी डोकं गाडीखाली आपटायचं. दामोदरबाबांची काळजी वाटत होती असं सांगायला आवडलं असतं, पण मला एकच धास्ती होती — दुसरा कुणी मिस्त्री वाकून बघेल.

मी सगळ्यांना दूर ठेवलं. वाकलेला टायरॉड बदलला, तुटलेला पाटा बदलला. आणि त्याच वेळी पाचरी काढून फिरवल्या. जाड अंग मागे. अर्ध्या दुपारचं काम. यू-बोल्टवर जुनं काळं ग्रीस आणि माती परत फासली, म्हणजे ते उघडलेलेच नाहीत असं वाटावं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आपोआप सुचलं.

मग मी मॅनेजरला शेजारी बसवून साखळीच्या रस्त्यावर गाडी नेली. सरळ पट्टा आला तेव्हा वेग वाढवला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले. रेडा सुतासारखा सरळ गेला. वळवून हात सोडले, चाक आपणहून परत आलं. मॅनेजर म्हणाला, "म्हणजे गाडी निर्दोष." मी म्हणालो, तुम्हीच बघितलंत. बघा, मी खोटंसुद्धा बोललो नाही.

परत आलो तर पुंडलिक गॅरेजच्या फाटकाशी उभा. कपाळाला पट्टी. त्याने आम्हाला येताना पाहिलं असणार. मॅनेजर त्याच्याशी न बोलता निघून गेला. पुंडलिक माझ्याजवळ आला. त्याचा आवाज मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो. "शिवा, तूंच म्हाका खरें सांग. गाडयेंत कितें आसलें, की म्हजोच हात चुकलो? तूं सांगशी तें हांव मानतां."

तू सांगशील ते मानतो, म्हणाला. भांडायला आला नव्हता. नोकरी मागायला आला नव्हता. त्याला फक्त कळायला हवं होतं.

मी म्हणालो, "गाडी बरोबर होती, पुंडलिका."

तो थोडा वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला. मग "बरें" म्हणाला आणि गेला. नोकरी त्याच दिवशी सुटली. त्यानंतर त्याने कसलंच वाहन हातात घेतलं नाही. सायकलसुद्धा विकली. बसमध्ये मागच्या बाकावर बसतो, रस्ता दिसणार नाही असा.

आता तुम्ही म्हणाल, हेच सांगायचं होतं ना? झालं की. नाही, झालं नाही. मघाशी एक गोष्ट मी गाळली. तुमच्या लक्षात आली का? मी म्हणालो, पाचरीचं शास्त्र मला नंतर समजलं. कशाच्या नंतर ते मी सांगितलं नाही. तुम्ही समजलात, अपघाताच्या नंतर. मी समजू दिलं. मला ही सवय आहे.

पुंडलिक दुसऱ्यांदा तक्रार करून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅरेजच्या दारात पेजेचं ताट घेऊन बसलो होतो. समोरून पाववाला सायकलवरून गेला. मागे पावांची मोठी पाटी, आणि पठ्ठ्या हात सोडून डोक्याला फडकं बांधत होता. मी त्याच्या सायकलच्या चिमट्याकडे बघितलं आणि घास हातातच राहिला. जीप. एक्सल वर. रेडा. एक्सल खाली. एका क्षणात सगळं डोळ्यांसमोर उलटंसुलटं झालं. मी काय करून ठेवलंय ते मला तेव्हाच कळलं. बंदला अजून तीन दिवस होते.

तीन दिवस. खाणीच्या ऑफिसात फोन होता, आमच्या समोरच्या दुकानात फोन होता. एक वाक्य पुरलं असतं — गाडी पळवू नकोस, घेऊन ये. पण घेऊन ये म्हटलं की का, हे आलं. आणि चार लोकांसमोर ज्याच्या मनगटावर हसलो, त्याला काय तोंडाने सांगणार, की मनगट तुझं नाही, डोकं माझं चुकलं? मी हिशेब केला. शनिवारी रेडा ग्रीसिंगला येणारच. तेव्हा गाडीखाली शिरून गुपचूप फिरवू. कुणाला पत्ता लागणार नाही. तोवर ट्रकांच्या मागे गाडी हळूच चालते आहे, काय व्हायचंय?

त्या तीन दिवसांत कुठेही मोठा हॉर्न वाजला की मी पाना टाकून दारात जाऊन बघायचो. दोनदा त्या दुकानापर्यंत गेलो. एकदा रिसिव्हरही उचलला. दुकानदाराने विचारलं, कुठे लावायचाय? मी विडी मागितली.

बंद शुक्रवारी झाला.

पुढचं सांगायला वाईट वाटतं, कारण ते माझ्यासाठी चांगलं झालं. माझं नाव वाढलं. राज्य झालं, रस्ते सुधारले, मी पेडण्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. पोरींची लग्नं केली. आणि पुंडलिकाशी मैत्री ठेवली. लोकांना त्याचं कौतुक वाटतं, की एवढा मोठा मेस्त, पण जुन्या ड्रायव्हराला विसरला नाही. त्याच्या घराची कौलं बदलताना मी गेलो, त्याच्या बायकोच्या आजारपणात मी गाडी पाठवली. प्रेमापोटी? भीतीपोटी? मला स्वतःला सांगता येत नाही. त्याच्यावर नजर ठेवायला बरं पडतं, एवढं नक्की. आजही माझ्या गॅरेजमधून गाडी बाहेर पडताना मी तिच्याखाली तीनतीनदा शिरतो. कामगार म्हणतात, मेस्तांची शिस्त. मी पुढच्या गाडीखाली शिरतो.

दामोदरबाब चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी, त्या फळाफुलांच्या चौकटीसाठी, रानातली फळं स्वतः डोंगरात फिरून आणायचे. त्यांना त्याचा छंद होता. पाय गेल्यावर ते बंद झालं. तेव्हापासून दर वर्षी पुंडलिक डोंगर चढतो, सुपाऱ्यांचा घोस, आंबाडे, कवंडळं, जे मिळेल ते गोळा करतो आणि डिचोलीला त्यांच्या घरी पोचवतो. एक वर्ष चुकलेला नाही. गेली काही वर्षं त्याला ओझं उचलवत नाही, म्हणून मी माझ्या गाडीतून नेतो. तो शेजारी बसतो, डोळे मिटून.

गेल्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो. दामोदरबाब काठी टेकत ओसरीवर आले. त्यांच्या सुनेने चहा आणला, नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आणल्या. माटोळीचं सामान उतरवून झाल्यावर दामोदरबाब म्हणाले, "पुंडलिका, आतां पुरो रे. इतलीं वर्सां जालीं. तुज्या हातान जालें तें हांव केन्नाच विसरलां. आतां तूंय विसर."

पुंडलिकाने हातातला कप खाली ठेवला. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "बाब, तेन्ना सगळे म्हाका फटी सांगताले. गाडयेचो दोश आसतलो, मनाक लावन घेवं नाका. बायलूय तेंच म्हणताली. खरें सांगलें तें फकत ह्या शिवान. तो नासलो जाल्यार हांव जल्मभर गाडयेक गाळी दीत बसतलों आनी तुमच्या दारांत केन्नाच येवचों नाशिल्लों."

बाकी सगळे खोटा धीर देत होते, खरं बोलला तो फक्त शिवा; तो नसता तर मी जन्मभर गाडीलाच शिव्या देत बसलो असतो आणि तुमच्या दारात कधी आलो नसतो, असं तो म्हणत होता. दामोदरबाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. माझा हात आपल्या हातात घेऊन ते म्हणाले, "असो मनीस मेळना, मेस्त."

दोघेही तिथे होते. ज्याचा पाय मोडला तो, आणि ज्याला मी आयुष्यभर गुन्हेगार करून ठेवला तो. दोघेही माझ्याच तोंडाकडे बघत होते. तोंड उघडायचं होतं, बस.

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला. सुनेने ताटली पुढे केली. मी नेवरी उचलली आणि खाल्ली. आणि खरं सांगतो, ती मला गोड लागली.